थंड मुलखाचा रोग

मार्चमधल्या एका सोमवारी इंजिनियर लेमोसनं पॅकिंग शेडच्या मधल्या खांबावर थर्मामीटर टांगला आणि केळी धुवायच्या हौदाशी उभ्या असलेल्या बायकांना हात करून जवळ बोलावलं.

"वाचता येतं का यातलं कुणाला?"

दिग्ना लितार्दोला येत होतं. ती बोलली नाही. बावीस वर्षं तिचे हात त्या हौदात होते. केळ्याचा चीक आणि पाण्यातलं औषध खाऊन बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. लेमोस येऊन चार वर्षं झाली, पण या माणसानं तिला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. "ए, हौदवाली" एवढंच.

"तेहतीस," तोच म्हणाला. "सावलीत तेहतीस. युरोपात आज पाच आहे, सहा आहे. म्हणून तिकडं माणसं पटापट मरतायत. हा थंड मुलखाचा रोग आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या उन्हात तो लोण्यासारखा वितळतो. तेव्हा तोंडाला फडकी बांधून नाटकं करायची नाहीत. ज्याला भीती वाटत असेल त्यानं दहा मिनिटं उन्हात जाऊन उभं राहायचं."

बायका हसल्या. साहेब बोलला की हसायचं असतं. दिग्नानं हातातली केळ्यांची फणी पाण्यात उलटी केली, मधलं एक वाकडं केळं सुरीनं उडवलं आणि फणी पुढं ढकलली. घड कधी उतरवायचा हे दुसऱ्याला विचारल्याशिवाय याला कळत नाही, आणि रोग कुठल्या अंशाला मरतो ते मात्र पाठ, असं तिच्या मनात आलं.

तो ज्याला विचारायचा तो दुसरा म्हणजे तिचा नवरा, ओल्मेदो. चोपन्न वर्षांचा, बैलासारखा रुंद. बागेतून तारेवर लटकवलेले वीस-वीस घड कमरेला पट्टा बांधून शेडपर्यंत ओढत आणायचा. अंगातून धारा वाहायच्या, आणि तसल्यातही तोंड बंद नसायचं. साहेबाच्या विनोदाला शेडमध्ये सगळ्यांत मोठं हसू त्याचंच. दिग्नाला त्याच्या कष्टांबद्दल तक्रार नव्हती, या हसण्याची मात्र किळस होती.

"ऐकलंस का रं, बर्फाच्या लादी?" तार सोडून ओल्मेदो ओरडला. "थंड मुलखाचा रोग! म्हंजी तुमच्यातलाच की! तुझा मावसभाऊ लागतो का रं त्यो?"

हे तोरिबियो चिंबोला होतं. तोरिबियो वर डोंगरातला. जानेवारीत त्याच्या गावी गारा पडून बटाट्याचं पीक झोपलं, तेव्हा तो खाली केळीच्या कामाला उतरला. इथल्या उकाड्यात त्याच्या अंगावर पुरळ उठलं होतं, तरी डोक्यावरची काळी टोपी निघत नव्हती. दोन महिने त्यानं बर्फाची लादी, बटाटा, ओझी वाहणारा लामा अशी सगळी नावं ऐकून घेतली होती.

"मावसभाऊ असता तर मी त्याला तुमच्या घरी जेवायला आणला असता, ओल्मेदोदादा," तो हळूच म्हणाला.

शेड हसली. ओल्मेदोही हसला, आणि आपला पाण्याचा कॅन त्याच्याकडं फेकला. हे रोजचंच होतं. आधी टोमणा, मग पाणी. एकाच कॅनला तोंड लावून दोघं प्यायचे.

त्याच शनिवारी लेमोसच्या मुलीचा पंधरावा वाढदिवस होता. बागेतल्या बंगल्यावर मंडप पडला, गाण्याचे कर्णे लागले. डुक्कर भाजायला ओल्मेदोला बोलावलं होतं, भांडी घासायला दिग्नाला. लेमोसची मेहुणी स्पेनहून चार दिवसांपूर्वीच आली होती. गोरीपान, गळ्याभोवती रेशमी रुमाल. ती ताटावर बसली की खोकायची आणि रुमाल तोंडाला लावून म्हणायची, "विमानातली हवा, बाई! घसा पार कोरडा करते." सगळे तिच्या गालाला गाल लावत होते. ओल्मेदोनं भाजलेल्या कातडीचा पहिला कुरकुरीत तुकडा तिच्या ताटात नेऊन वाढला. बाईनं खूश होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात आठवडाभर ओल्मेदोच्या बोलण्यात राहिला.

"माणुसकी हाय त्या बाईत. खांद्यावर हात ठिवून बोलली माज्याशी."

"खोकली तुज्याशी," दिग्ना म्हणाली.

पुढच्या गुरुवारी लेमोस शेडवर आला नाही. त्याला एअर कंडिशनरची सर्दी झाली होती म्हणे. तोवर सरकारनं दुपारनंतर घराबाहेर पडायला बंदी केली, बसगाड्या थांबवल्या. केळी मात्र थांबत नसतात. परदेशात माणसं मरत असली तरी उरलेल्यांना केळी लागतात, म्हणून बागा चालू राहिल्या. आणि मग मजुरांच्या बराकीत एकामागून एक तिघे तापानं पडले.

लेमोस आला तो गाडीतून उतरलाच नाही. काच चार बोटं खाली. आत तोंडाला डॉक्टरांसारखा निळा मास्क. उन्हात वितळणाऱ्या रोगासाठी त्यानं मास्क लावला होता.

"डोंगरवाल्यांनी आणला," काचेतून तो म्हणाला. "मी आधीच सांगितलं होतं, थंड मुलखाचा रोग आहे. त्यांच्या अंगातच थंडी असते. त्यांना आजच्या आज पाठवा. वरच्या बाजाराला हिरवी केळी घेऊन ट्रक जातोय, त्यावर घाला. ओल्मेदो, तू सांग त्यांना. तुझं ऐकतात."

डोंगरवाले म्हणजे चौघं. त्यातले तिघे बंदी लागताच कुठं कुठं पांगले होते. उरला तोरिबियो. तो बराकीमागं कपडे वाळत घालत होता. ओल्मेदो गेला, त्याच्यामागं दिग्नाही गेली.

"गठुडं बांध रं," ओल्मेदो म्हणाला. आज आवाजात विनोद नव्हता, आणि विनोदाशिवाय त्याला बोलता येत नव्हतं. "साहेबांचा हुकूम हाय. ट्रक उभा हाय."

"का, दादा?"

"रोग. तुमच्याकडचा."

तोरिबियोनं हातातला ओला सदरा पिळला. "मी जानेवारीपासून इथून हललो नाही. रोज तुमच्याबरोबर तारेवर आहे. मग मी तो आणला कुठून?"

"ते मला काय म्हाईत? थंडीचा हाय त्यो. तिकडं वर व्हतो."

"ओल्मेदो," दिग्ना म्हणाली, "जरा तरी लाज वाटू दे."

"तू गप. तुला काय कळतंय त्यातलं? इंजिनियर माणूस सांगतोय."

"व्हय. इंजिनियर."

ती घरी जाऊन उकडलेली कच्ची केळी आणि खारा मासा केळीच्या पानात बांधून घेऊन आली. तोरिबियो तोवर ट्रकवर चढला होता, हिरव्या घडांच्या राशीत, टोपी डोळ्यांपर्यंत ओढून. त्यानं पुडी दोन्ही हातांनी घेतली. "देव तुमचं भलं करो, दिग्नाताई," म्हणाला आणि तोंड वळवून खोकला.

एकदाच. कोरडा, छातीच्या खालून आलेला. दिग्नानं तो ऐकला. असलाच खोकला तिनं वाढदिवसाच्या मंडपात ऐकला होता, परवा बराकीतूनही ऐकला होता. तिनं तोंड उघडलं. मग ट्रकच्या ड्रायव्हरकडं पाहिलं. त्याला कळलं तर तो या माणसाला इथंच उतरवील, आणि मग इथं त्याला ठेवणार कोण? तिनं तोंड मिटलं. ट्रक धूळ उडवत गेला. तिसऱ्या दिवशी ओल्मेदोला ताप भरला.

ताप भरल्यावर ओल्मेदोनं काय केलं, हे दिग्नानं पुढं कुणालाही सांगितलं नाही. भर बारा वाजता त्यानं अंगणात फळी टाकली, सदरा काढला आणि उन्हात जाऊन बसला.

"आत ये."

"ऱ्हाऊ दे. वितळतोय त्यो."

"ओल्मेदो, तुझं अंग भाजतंय रं."

"तेच तर पायजे." दात वाजत होते आणि तो हसत होता, तेच साहेबापुढचं हसू. "तेहतीसला मरतो. इथं चाळीस असंल. बघ तू, संध्याकाळपत्तूर साफ."

आभाळ पावसाचं होतं, तरी मधूनमधून ऊन असं पडायचं की पत्र्यावर हात ठेवता येऊ नये. तीन दिवस तो रोज बसला. पाठीची कातडी सोलून निघाली. तिसऱ्या दिवशी फळीवरून कलंडला तेव्हा शेजारच्या दोघांनी आणि दिग्नानं त्याला उचलून झोळीच्या पाळण्यात टाकलं. वीस घड ओढणारा माणूस आता एक-एक श्वास ओढत होता आणि तोही शेवटपर्यंत येत नव्हता.

तिच्या भावानं मोटरच्या तीनचाकीत घालून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. फाटक बंद. आतला पहारेकरी गजांतून म्हणाला, "बाई, खाटा संपल्या. खुर्च्या पण संपल्या. जमिनीवर आहेत लोक. घरीच बरं." तो वाईट माणूस नव्हता, त्याचे डोळे लाल होते. तीनचाकी परत फिरली. वाटेत पावसानं गाठलं, दिग्नानं आपली ओढणी ओल्मेदोच्या तोंडावर धरली.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत असताना तो गेला. शेवटी काही बोलला असेल, तर पावसात ऐकू आलं नाही.

लाकडाच्या पेट्या त्या महिन्यात सगळ्या मुलखात संपल्या होत्या. नगरपालिकेनं पुठ्ठ्याची पेटी दिली. दिग्नानं तिला हात लावला आणि ओळखलं. हाच जाड तपकिरी पुठ्ठा, हाच खळीचा वास. बावीस वर्षं अशा खोक्यांमध्ये तिनं फण्या रचल्या होत्या. सवयीनं तिची बोटं बाजूची भोकं शोधायला लागली. केळ्यांना वाटेत श्वास घ्यायला खोक्याला भोकं ठेवतात. या पेटीला नव्हती.

माती टाकून परतताना बंगल्याचा राखणदार एउसेबियो तिच्याबरोबर चालत होता. लेमोस मातीला का आला नाही, हे तिनं विचारलं नाही, त्यानंच सांगितलं.

"साहेब गेलं. घरदार घेऊन गेलं."

"कुठं?"

एउसेबियोनं हनुवटीनं डोंगराकडं दाखवलं. "वर. सासऱ्याचं घर हाय थंड हवेचं. तीन हजार मीटर. उंचावर हवा इरळ असती, त्या रोगाला श्वास घेता येत न्हाई, म्हनत व्हतं."

दिग्ना थांबली आणि हसली. नवऱ्याच्या मातीवरून येताना बाई हसते म्हणून मागचे लोक दचकले. ते हसणं ओंगळ होतं, घशात खरवडल्यासारखं. बराच वेळ ते थांबेना.

जूनमध्ये पाऊस गेला, आभाळ करडं झालं, किनाऱ्यावर गारठा आला. लेमोस परत आला. वरच्या हवेनं गाल लाल, पोटही सुटलेलं. हौदाशी उभ्या असलेल्या दिग्नाला तो "वाईट झालं" म्हणाला, आणि पुढच्या श्वासात, "आता गारवा आलाय, आता काळजी नाही," म्हणाला.

त्याच आठवड्यात तोरिबियोचा फोन आला.

"ओल्मेदोदादा आहेत का, दिग्नाताई? त्यांचा फोन लागत नाही."

"न्हाईत."

"कामावर?"

"मातीत. एप्रिलमधी."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडतोस कशाला?" ती चिडून म्हणाली. "तुला हाकलणारा त्योच."

"पाणी पाजणारेही तेच, ताई."

मग त्यानं आपलं सांगितलं. तो घरी पोचला, आठ दिवसांत आई गेली, मग शेजारचा एक म्हातारा गेला. तोही आजारी पडला, पण उठला. आता गाव त्याला आत घेत नव्हतं. पाटाच्या पाण्याची पाळी बंद, सामाईक कामाच्या रांगेत जागा नाही. दुकानदारीण माल उंबऱ्याबाहेर ठेवायची.

"म्हणतात, उष्ण मुलखात सगळं सडतं, तिथली सड अंगात घेऊन आला. म्हणतात, आजारी आहे हे ठाऊक असून लपवून आला, आईला मारायला. बायकोसुद्धा तसंच बघते. तिकडं तुम्ही म्हणालात थंडीचा, इकडं म्हणतात उन्हाचा. मी आता राहू कुठं, मधल्या घाटात?"

दिग्नाच्या कानात तो एकच खोकला वाजला.

"तुजं गाव कुठल्या बसनं येतं?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिनं लेमोसकडं शनिवारची सुट्टी मागितली.

"कशाला?"

"वर जायचं हाय. डोंगरात."

"वर? या दिवसांत? थंडी असते तिकडं. आजारी पडशील, आणि येऊन इथं सगळ्यांना देशील."

दिग्नानं हात हौदातून काढले आणि एप्रनला पुसले. शेडमधल्या बायकांचे हात थांबले.

"साहेब, रोग थंडीचा का उन्हाचा का उंचावरचा, ते तुमी एकदा बसून ठरवा. ठरलं की सांगा. तवर मी आजारी पडत न्हाई."

"जीभ सांभाळ. गेलीस तर परत येऊ नकोस."

तिनं एप्रनची गाठ सोडली, ओला रबरी एप्रन हौदाच्या कडेवर टाकला. तिला वाटलं होतं छातीत धडधडेल. काही झालं नाही. एवढ्या छोट्या माणसापुढं चार वर्षं मान खाली घातली, याचंच तिला नवल वाटलं.

शनिवारी, नुकतीच पुन्हा सुरू झालेली बस सहा तास चढत होती. केळीच्या बागा संपल्या, मग ऊस, मग ढग, मग कान गच्च झाले. भावजयीचा स्वेटर तिच्या खांद्यांवर तोकडा होता. तोरिबियोच्या गावी, पुंगाल्याला, उतरली तेव्हा थंडीनं बोटं वळेनात. तोरिबियो थांब्यापासून दूर, बांधावर उभा होता. अर्धा झाला होता.

"जवळ येऊ का?" त्यानं विचारलं.

"ये की रं मुडद्या. तुज्यासाठीच आले न्हवं?"

गाव पाटाच्या कडेला जमलं होतं. शनिवार सामाईक कामाचा, चर उपसायचा. फावडी, टिकाव, जाड घोंगड्या, काळ्या टोप्या. तिला पाहून एका बाईनं घोंगडीचा पदर नाकावर ओढला. काठी घेतलेला म्हातारा, कायेतानो, गावाचा प्रमुख. त्यानं काठी पुढं केली. "तिथंच. दहा पावलांवर. काय बोलायचं ते तिथून बोला. खालच्या मुलखातल्या ना तुम्ही?"

"व्हय. जिथं सगळं सडतं तिथली."

तिनं स्वेटरच्या बाह्या ओढल्या.

"हा माणूस आमच्याकडं आला तवा चांगला व्हता. आमचा साहेब म्हनला, थंड मुलखाचा रोग. तो रोग साहेबाच्या मेहुणीनं आणला, विमानातनं, वाढदिवसाला. माज्या नवऱ्यानं तिला वाढलं. तिथनं त्यो बराकीत आला. हा आणि माजा नवरा एका कॅननं पाणी प्यायचे. मग ह्येच्यावरच आळ घेतला. बसगाड्या बंद असताना केळ्यांच्या ट्रकवर टाकला त्याला. टाकणारा माजा नवरा. त्यो मेला. जिता असता तर त्यालाच धरून आणला असता."

"ते झालं," कायेतानो म्हणाला. "पण हा आजारी होता. ठाऊक असून घरात शिरला. आईच्या ताटात जेवला."

"त्याला ठाऊक न्हवतं."

"खोकला आपल्याला येतो ते माणसाला कळत नाही होय?" नाक झाकलेली बाई म्हणाली.

"पुरळ आलं, डोकं दुखलं, खोकला आला, तर त्यो म्हनायचा खालची हवा मानवंना. दोन म्हैने तेच म्हनत व्हता." दिग्नानं श्वास घेतला. इथं हवा खरंच कमी होती. "मला ठाऊक व्हतं. ट्रकवर बसल्यावर त्यो खोकला. कसला खोकला ते मला कळलं. मी बोलले न्हाई. बोलले असते तर ड्रायव्हरनं उतरवला असता, आनि मग त्याला घरात घ्यायची पाळी माज्यावर आली असती. म्हनून गप बसले. वर जाईल, आपल्या दारातनं तर जाईल, असं वाटलं. मी बोलले असते तर हा आईपासनं लांब ऱ्हायला असता."

चरातून पाणी वाहत होतं. तोरिबियो तिच्याकडं पाहत होता. त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं.

"एवढं सांगायला इतक्या लांब आलात?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"फोनवर सांगितलं असतं तर तुमी म्हनला असता, कुनीतरी बाई बोलतीय."

कायेतानोनं काठी जमिनीत दोनदा रोवली. घोंगड्यांमध्ये कुजबुज झाली, आपल्या बोलीत, दिग्नाला न समजणारी. मग एका पोरगेल्या माणसानं फावडं तोरिबियोच्या पायाशी टाकलं. तोरिबियोनं ते उचललं आणि रांगेत जाऊन, शेवटच्या माणसापासून दोन हात अंतर ठेवून, चरात उतरला. जाताना तो दिग्नाच्या अगदी जवळून गेला आणि त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

ती धोंड्यावर बसली. बऱ्याच वेळानं त्याची बायको त्रान्सितो आली, उकडलेल्या बटाट्यांचं ताट जमिनीवर ठेवून लगेच मागं सरली. बटाट्यांतून वाफा निघत होत्या, मीठ बाजूला वेगळं होतं.

चरातून चिखल वर पडत होता, एका लयीत. तोरिबियोचं डोकं मधूनच दिसायचं आणि खाली जायचं.

"बस चारला आहे," तो आतूनच म्हणाला. "त्याआधी खाऊन घ्या."

ताई म्हणाला नाही. दिग्नानं एक बटाटा उचलला. बोटं गारठली होती, त्यामुळं तो किती गरम आहे ते तिला तोंडात घालेपर्यंत कळलं नाही. जीभ पोळली. तिनं तो थुंकला नाही, चावून गिळला, आणि दुसरा घेतला.